नावं घेणारी

माझं काम नावं घेण्याचं.
नावं ठेवायचं काम समोरच्या सत्तेचाळीस जणांचं,
आणि ते ते मन लावून करतात.

रात्रीचे दोन वाजून दहा.
बाहेर मिसूरी नदी काठापासून काठापर्यंत गोठलेली.
बिस्मार्कच्या सगळ्या गाड्या नाकात वायर घालून
विजेच्या खांबांना बांधलेल्या, गुरांसारख्या,
सकाळी इंजिन मेलेलं सापडू नये म्हणून.
आत अकराशे चाळीस पानांचं विधेयक.
एक बाजू त्याला औषध म्हणते,
दुसरी रोग.
दोघांपैकी कुणीही ते पुरतं वाचलेलं नाही.
मी वाचलंय. मला वाचायचेच पैसे मिळतात,
अधिवेशनापुरते, ऐंशी दिवसांचे.
पान सहाशे तीनवर माझ्यासारख्यांचा उल्लेख आहे:
‘हंगामी कर्मचारी वगळून’.
दोन्ही पक्षांचं एकमत झालेलं
बहुधा तेवढंच कलम.

सिनेटर शात्झ बोलतात, जरा नाकातून.
त्यांच्या भागातली बाळंतीण नव्वद मैल जाते,
बर्फ असेल तर जात नाही.
सिनेटर लिंडस्कूग उठतात.
माझ्या बापानं ट्रॅक्टर विकून माझा पाय वाचवला,
सरकारच्या दारात टोपी काढून उभा राहिला नाही.
आणि ते पाय आपटून दाखवतात, तो वाचलेला.
दोघंही खरं बोलतात,
हाच तर सगळा वैताग.

मागच्या खोलीत एक छोटा फ्रिज आहे.
दाराच्या कप्प्यात, मोहरीच्या बाटलीला टेकून
इन्सुलिनच्या दोन बाटल्या.
शात्झबाईंच्या बाटलीवर लाल चिकटपट्टी,
लिंडस्कूगांच्या बाटलीवर निळी.
पक्षांच्या रंगांच्या नेमक्या उलट.
मीच लावल्या. कपाटात दोनच रंग होते,
आणि त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं.

सतराव्या दुरुस्तीला
लिंडस्कूगांचा पाण्याचा तिसरा जग संपला.
ते उठून मागे गेले. मी जग भरायला गेले.
निळ्या पट्टीची बाटली रिकामी.
ते ती दिव्यासमोर धरून हलवत होते,
जशी आपण संपलेली टूथपेस्ट पिळतो.
शात्झबाई दारात.
किती?
आठ युनिट.
सुईवरचे आकडे दिसेनात त्यांना.
बाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला,
लाल पट्टीच्या बाटलीतून आठ मोजले,
एक बुडबुडा टिचकी मारून उडवला.
त्यांनी शर्ट वर केला.
कधी ऊन न पाहिलेलं पोट, गव्हाच्या पिठासारखं.
कुणी काही बोललं नाही.
फ्रिज तेवढा गुरगुरत होता.

मग मी नावं घेतली.
आर्लो हुफ्नागल आठवडाभर तळ्यात-मळ्यात करत होते,
शेवटी मळ्यात उतरले: नाही.
लिंडस्कूग: नाही.
आवाज आता स्वच्छ, घसा ओला.
शात्झ: हो.
तेवीस विरुद्ध चोवीस.
गॅलरीत एक बाई उभी राहिली, आणि का उभी राहिलो
ते विसरल्यासारखी पुन्हा बसली.
इतिवृत्तात हो लिहायला रकाना आहे, नाही लिहायलाही आहे.
आठ युनिट कुठं लिहू?

पहाटे गाडीत
रक्तदाबाची गोळी नखानं अर्धी केली.
अर्धी आज, अर्धी उद्या.
या हिशेबाला कुठल्याच बाजूचा विरोध नाही.

सोमवारी फ्रिजमध्ये नवी कोरी बाटली होती,
तिच्यावर लाल पट्टी, ओबडधोबड, वाकडी लावलेली.
शेजारी घरच्या रानचेरीचा मुरंबा, काचेच्या बरणीत.
मुरंबा! मधुमेही बाईला!
शात्झबाई बरणीकडे बराच वेळ बघत राहिल्या.
हा माणूस, त्या म्हणाल्या,
पुढच्या निवडणुकीत पडलाच पाहिजे.
आणि बरणी माझ्या टेबलावर ठेवून
विधेयक परत कसं आणायचं ते विचारू लागल्या,
पान एकपासून.